डोंगराआधी काळी माती

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या परिसरात गाडी फसते ती बहुधा डोंगर चढण्याआधीच. बालाघाटची रांग इथे फारशी उंच नाही. अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेड या तालुक्यांतून ती पसरट माथ्यांनी, ओढ्यांनी जागोजागी चिरलेली पुढे सरकते. चढ छोटे, माथे सपाट, वाटा मुरमाच्या. पण त्या मुरमापर्यंत पोचायचे तर आधी मन्याड नदीच्या खोऱ्यातले शिवार ओलांडावे लागते, आणि शिवारात खोल काळी जमीन आहे. चार-सहा मित्रांनी फोर बाय फोर गाड्या काढून शनिवार-रविवार डोंगरात मुक्काम करायचा बेत आखला असेल, तर नकाशा उघडण्याआधी या मातीची ओळख करून घ्यावी.

दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यातला चिकण अंश पाणी शोषून फुगतो आणि वाळला की आकसतो. म्हणून उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात तेच रान साबणासारखे निसरडे होते. ओल्या काळ्या मातीत टायरच्या खाचा चाकाच्या चार-दोन फेऱ्यांतच भरून जातात. मग टायर महागाचे असो की साधे, त्याचा गुळगुळीत गोळा होतो. माती मडगार्डच्या आत थापत जाते आणि शेवटी चाकच अडकते. फोर व्हील ड्राइव्हमुळे इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोचते हे खरे, पण चाकाला पकड द्यायची ती जमिनीने. जमीनच धरत नसेल तर चारही चाके एकाच वेळी घसरतात, एवढाच फरक.

उतारावर चित्र उलटे असते. तिथली माती वाहून गेलेली, खाली कुजलेल्या खडकाचा मुरूम उघडा पडलेला. मुरमातून पाणी लवकर निचरते. पाऊस उघडल्यावर माथ्यावरची वाट लवकर चालू होते आणि खालची पांदण मात्र कितीतरी दिवस बंद राहते. बाहेरून येणारा डोंगराकडे बघून अंदाज बांधतो. इथला शेतकरी आधी पायाखाली बघतो. सहलीची तारीख ठरवतानाही तेच करावे.

म्हणून या भागात फिरण्याचा खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. परतीचा पाऊस सरलेला असतो, पांदण वाळून टणक झालेली असते, रानात ज्वारी, हरभरा, करडई उभी असते. डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या ज्वारीचा हुरडा मिळतो. मार्चनंतर ऊन तापू लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना उघड्या माळावर तंबूत दुपार काढणे धोक्याचे. पावसाळ्यात माळ हिरवा आणि देखणा दिसतो. तेव्हा यावेसे वाटले तर डांबरी रस्ता सोडू नये.

तारीख ठरवताना पंचांगही बघावे. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूर आणि आसपासच्या भागांत घरेच्या घरे शेतात असतात. भज्जी, आंबील, उंडे घेऊन माणसे बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकलींवरून रानाकडे निघालेली असतात आणि शेतवाटा भरून वाहतात. त्या दिवशी कुणाच्या शेतात जेवायचे आमंत्रण असेल तर जरूर जावे, पण गाडी चालवण्याची हौस दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी. त्याच सुमाराला, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे आणि बैल यांचा मोठा बाजार भरतो आणि नांदेड-लातूर रस्त्यावर गर्दी उसळते. यात्रा आवर्जून बघण्यासारखी आहे. फक्त मुक्कामाची सहल आणि यात्रा एकाच दोन दिवसांत बसवू नये.

आता गाडीबद्दल. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीप भारतात जुळवायला सुरुवात केली, आणि पुढची कितीतरी वर्षे खेड्यात ‘जीप’ म्हणजे हीच गाडी. मराठवाड्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपही त्याच घराण्यातल्या. आज हौशी मंडळींकडे बहुधा थार, जिम्नी किंवा फोर्सची गुरखा असते. पण दारावर थार लिहिले म्हणजे गाडी फोर बाय फोर असेलच असे नाही. २०२० मध्ये आलेली नवी थार २०२३ पासून टू व्हील ड्राइव्हमध्येही विकली जाते. ताफ्यातल्या प्रत्येक गाडीची ही चौकशी निघण्याआधी व्हावी, माळावर पोचल्यावर नव्हे.

काळ्या मातीच्या प्रदेशात गाडीचे वजन फार महत्त्वाचे. जिम्नी साधारण बाराशे किलोंची, तर थार सतराशेंच्या पुढची. इंजिनाची ताकद थारमध्ये जास्त, पण अर्धवट वाळलेल्या पांदणीवर हलकी गाडी वरचा कडक पापुद्रा न फोडता निघून जाते आणि मागून आलेली जड गाडी त्याच चाकोरीत खाली बसते. म्हणून ताफ्यात जड गाडी पहिली घालू नये. हलकी पुढे, ओढून काढण्याची साधने असलेली मागे, आणि दोहोंत निदान तीस-चाळीस मीटर अंतर. पुढची फसली तर मागचीच्या पायाखाली टणक जमीन हवी. एकट्या गाडीने आडवाटेला जाऊच नये. किमान दोन हव्यात.

फोर बाय फोरचा लिव्हर कधी ओढायचा याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळे फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हीलमध्ये वळले की ट्रान्स्फर केसवर ताण येतो, स्टेअरिंग जड होते आणि नुकसान होते. डांबर संपले, खडी किंवा माती लागली की फोर-हाय. खडा चढ, खडा उतार, मोठे दगड किंवा चिखल समोर दिसला की गाडी थांबवून फोर-लो. लो गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर दोन-अडीच पट होतो आणि वेग तेवढाच कमी. गाडी अडकल्यावर लो टाकणारे पुष्कळ असतात. तोपर्यंत चाकांनी स्वतःचे खड्डे खणलेले असतात.

टायरमधली हवा कमी करणे हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. रस्त्यावर तीस-बत्तीस पीएसआय असेल तर दगडगोट्यांच्या वाटेवर वीस-बावीसपर्यंत उतरवावी. टायर पसरतो, दगडावर बसतो, आतल्या माणसांची हाडेही वाचतात. पण मग बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज सोबत हवा, कारण कमी हवेने वेगात डांबरावर धावले तर टायर तापून फुटतो. ट्यूबलेस पंक्चरचे किट तर हवेच हवे. या भागात बांधावर बाभूळ आणि पडीक रानात वेडी बाभूळ माजलेली आहे, आणि तोडलेल्या फांद्यांचे काटे वाटेवर पसरलेले असतात.

चढ-उताराचा नियम एकच: सरळ चढावे, सरळ उतरावे. उतारावर आडवी घातलेली गाडी कलंडते, आणि टपावर पाण्याचे कॅन, तंबू, स्टेपनी बांधलेली असेल तर लवकर कलंडते. जड सामान खाली, मधोमध, घट्ट बांधून. उतरताना लो रेंजचा पहिला गिअर टाकून क्लचवरचा पाय काढावा आणि इंजिनालाच गाडी धरू द्यावी. चढताना मध्येच इंजिन बंद पडले तर स्टेअरिंग फिरवून गाडी वळवण्याचा मोह टाळावा. ब्रेक दाबून धरायचा, रिव्हर्स गिअर टाकायचा आणि आलो त्याच चाकोरीतून सरळ मागे उतरायचे. मुरमाचे बारीक खडे सुक्या उतारावर गोट्यांप्रमाणे सरकतात, त्यामुळे इथे जोराचा ब्रेक चाके लॉक करतो.

पाण्याबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे. गाडीच्या माहितीपत्रकात थार ६५० मिलिमीटर आणि गुरखा ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते असे लिहिलेले असते. तो आकडा साचलेल्या पाण्याचा, टणक तळाचा आणि चालकाच्या हळू गतीचा. वाहत्या पाण्यात एक फूट खोली लहान मोटारीला तरंगवू शकते आणि दोन फूट पाणी मोठ्या गाडीलाही ओढून नेते. इथल्या ओढ्यांना काठही काळ्या मातीचे असतात. पाण्यातून सुखरूप पार झालेली गाडी पलीकडच्या ओल्या चढावर फसते. ओढा आधी काठी घेऊन पायी ओलांडावा, तळ चाचपावा, निघायची जागा बघावी. मगच गाडी घालावी.

पावसाळ्यात तर ओढ्यात उतरण्याचा विचारही नको. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि लेंडी प्रकल्पाच्या परिसरातली हसनाळ, रावणगाव ही गावे पाण्याखाली गेली. माणसे दगावली, जनावरे गेली, बचावासाठी लष्कराला बोलवावे लागले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना पाण्याने वेळ दिला नाही, तिथे सहलीला आलेल्यांनी त्याच्याशी खेळू नये. लिंबोटी आणि बारूळ या धरणांच्या खालच्या अंगाला नदीपात्रात कोणत्याही ऋतूत तंबू ठोकू नये. कोरड्या ओढ्याची वाळू मऊ आणि सपाट असते, म्हणूनच ती मोहात पाडते.

आणि तरीही गाडी फसतेच. तेव्हा पहिले काम म्हणजे ॲक्सिलरेटर सोडणे. चाक जागेवर फिरू लागले की प्रत्येक सेकंदाला खड्डा खोल होतो, आणि गाडीचे पोट जमिनीला टेकले की मग ट्रॅक्टरशिवाय इलाज नाही. सगळ्यांनी उतरावे, हवा आणखी कमी करावी, चाकापुढची आणि मागची माती फावड्याने उकरून उतार करावा. मग चाकाखाली पकड मिळेल असे काही घालावे. प्लास्टिकच्या रिकव्हरी पट्ट्या उत्तम, पण रानात पऱ्हाटी असते, तुराट्या असतात, चपटे दगड असतात, पोती असतात. या वस्तू शेतकऱ्याच्या आहेत, त्या विचारून घ्याव्यात. बाहेर पडायची दिशा बहुधा मागची. आलो ती जमीन कशी आहे हे माहीत असते, पुढची कशी आहे हे माहीत नसते.

दुसऱ्या गाडीने ओढायचे असेल तर दोर फक्त चॅसिसला बोल्टने जोडलेल्या हुकाला लावावा. बंपरला, ॲक्सलला किंवा ट्रॉली जोडण्याच्या गोळ्याला लावलेला दोर ताणाखाली तो भाग उपटून गोळीच्या वेगाने भिरकावतो. अशा अपघातांत जगभर माणसे मेली आहेत. लोखंडी साखळीने झटका देऊन ओढणे तितकेच घातक. ताणून पुन्हा आखडणारा नायलॉनचा काइनेटिक दोर आणि त्याच्या जोडीला मजबूत शॅकल या खर्चाच्या पण जिवाशी निगडित वस्तू आहेत. दोराच्या मधोमध जाड सतरंजी किंवा घोंगडे टाकावे, म्हणजे दोर तुटलाच तर तो तितका उसळत नाही. आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात चालकांखेरीज कुणी उभे राहू नये. मोबाइलवर चित्रीकरण करायला तर मुळीच नको.

गोव्यात २०१४ पासून ऐन पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची ऑफ-रोड स्पर्धा होते. तिची चित्रफीत पाहून पुष्कळांना वाटते की चिखलात गाडी अशीच घालायची असते. त्या गाड्यांना विंच असतात, स्नॉर्केल असतात, आतून लोखंडी पिंजरा असतो, सोबत तरबेज जोडीदार असतो, आणि वैद्यकीय पथक जवळ असते. हे तंत्र खरोखर शिकायचे असेल तर इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे. तिथे दोन दिवस घालवलेले चालक इतरांहून शांतपणे गाडी चालवताना दिसतात.

शनिवारची सुरुवात कंधार गावातूनच करावी. नांदेडहून लोहामार्गे इथे सकाळच्या पहिल्या प्रहरात पोचता येते. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळापासून, म्हणजे दहाव्या शतकापासून, महत्त्व असलेला इथला किल्ला भुईकोट आहे. भोवतीचा रुंद खंदक आजही लक्षात राहतो, आणि राष्ट्रकूटांच्या नावाशी जोडलेला जगत्तुंग तलावही जवळच आहे. किल्ला बघून होईपर्यंत मागे राहिलेल्या गाड्या पोचतात. इथेच टाक्या फुल्ल कराव्यात, कारण लो गिअरमध्ये इंधन बेसुमार जाते. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पाणी धरून कॅन भरावेत. गावातले ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते प्रत्यक्ष बघून ठेवावे. १०८ चा क्रमांक सगळ्यांना पाठ असतो, पण रात्री माळावर रेंज असेलच असे नाही. दोन गाड्यांत बोलण्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे वॉकी-टॉकी परवान्याशिवाय वापरता येतात. इतर संच परवान्याशिवाय वापरणे मात्र बेकायदेशीर ठरू शकते.

मुक्कामाची जागा दिवस मावळायच्या दोन तास आधी ठरलेली असावी, आणि ती कुणाची आहे हे कळलेले असावे. माळ मोकळा दिसला तरी तो गायरान असतो, खासगी असतो किंवा वनविभागाचा असतो. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे जवळच्या गावात मारुतीच्या पारावर गाडी थांबवून खाली उतरणे आणि बसलेल्या वडीलधाऱ्यांना विचारणे. “रामराम मामा, ही वाट वर माळापर्यंत जाती का?” एवढ्या प्रश्नातून वाटेची, पाण्याची, जनावरांची आणि जागेच्या मालकाची सगळी माहिती मिळते. उत्तर जर “ट्रॅक्टर जातंय” असे आले, तर पुढचा प्रश्न विचारावा: “रिकामा की ट्रॉलीसकट?” ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला जे जमते ते थारच्या २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सला जमत नाही. पोलीस पाटलांना आपण कुठे आहोत ते सांगून ठेवावे. रात्री अनोळखी दिवे दिसले की गाव काळजीत पडते, आणि ते साहजिक आहे.

एक धोका बाहेरच्यांना ठाऊक नसतो. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी बांधावर तारा ओढून झटका मशीन लावतात. काही ठिकाणी थेट वीज सोडल्याच्या जीवघेण्या घटनाही घडतात. अंधारात बॅटरीशिवाय, ओळखीशिवाय कुणाच्या शेतातून चालू नये. पेरलेल्या रानात किंवा बांधावरून गाडी घालणे तर सरळ नुकसान आहे. बांध एकदा फुटला की पुढच्या पावसात माती वाहून जाते, आणि तो पुन्हा घालायला घाम लागतो.

तंबू तळ शिवलेला आणि चेन नीट लागणारा हवा. मण्यार रात्री फिरते, उघड्यावर झोपलेल्याला चावते, आणि तिचा दंश बहुतेकदा दुखतही नाही. सापाने दंश केला तर बांधू नये, कापू नये, चोखू नये. अवयव हलू न देता माणसाला सर्पविषावरची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. कंधारला शक्य झाले नाही तर नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध किती जीव वाचवू शकते हे मराठवाड्यातच जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करून जगाला दाखवले. म्हणून विंचू चावला तरी घरगुती उपायांत वेळ घालवू नये. सकाळी बूट झटकून घालावेत.

हिवाळ्यात माळावरचे कुसळी गवत पूर्ण वाळलेले असते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी जाळणारा फिल्टर असतो, आणि तो स्वतःला साफ करताना पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापतो. अशी गाडी वाळल्या गवतावर उभी केली तर खाली आग लागू शकते. गाडी उघड्या मुरमावर लावावी, आणि चूल पेटवायची तर दगडांच्या मधोमध, भोवतीचे गवत दोन मीटरपर्यंत काढून. झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळावी. डिसेंबरच्या १३-१४ तारखांना मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. कंधारच्या माळावर शहराचा उजेड पोचत नाही, तेव्हा चूल विझवून आकाश बघायला हाच काळ उत्तम.

ज्यांना दाट जंगल आणि खरे घाट हवेत त्यांनी किनवट-माहूरकडे वळावे. तिथे सातमाळा डोंगर आहेत, सागवान आहे, सहस्रकुंडाचा धबधबा आहे. पण पैनगंगा अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय प्रवेश नाही, आग पेटवणे गुन्हा आहे, आणि राखीव जंगलातही वाट दिसली म्हणून गाडी घालता येत नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयात आठवडाभर आधी लेखी विचारावे. परवानगी मिळाली नाही तर माहूर गावात मुक्काम करून डांबरी रस्त्यानेच फिरावे.

रविवारी मुखेडचे दशरथेश्वर मंदिर किंवा देगलूरजवळचे होट्टल, तिथली चालुक्यकालीन मंदिरे, यांवरून परतीची वाट धरता येते. डांबर लागताच टू व्हील, आणि हवा पूर्ववत. रिमच्या आत चिकटलेली काळी माती खरवडून काढावी. नाहीतर ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग थरथरू लागते आणि चालकाला वाटते की गाडीचे काही मोडले. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा नसतानाही रात्री रस्त्यावर असतात, म्हणून अंधार पडायच्या आत नांदेड किंवा लातूर गाठावे. पाण्यातून गाडी गेली असेल तर सोमवारी डिफरन्शियलचे तेल तपासून घ्यावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, आणि तेल लगेच बदलावे.